खिसा केवढा शिवू?

शिंप्यानं टेप गळ्यात अडकवली, माझ्या ड्रेसच्या कापडावर खडू टेकवला आणि विचारलं, "अक्का, खिसा केवढा शिवू?"

कपड्याला खिसा असावा हा हट्ट मी पंचेचाळिशीत धरला. त्याआधीची सगळी वर्षं पर्स, नाहीतर मुठीत चुरगळलेला रुमाल. आमच्या पूर्व भागातले शिंपी वर्षभर शाळांचे गणवेश शिवतात. सोलापुरात शिवलेला गणवेश कुठल्या कुठल्या राज्यात जातो, आणि त्यातल्या प्रत्येक चड्डीला हे लोक डोळे मिटून दोन खिसे लावतात. पण बाईनं कुर्त्याला एक खिसा मागितला की मशीन थांबतं.

"मोबाईलचा ना? लावतो सहा इंची."

"मोबाईल पर्समध्येच बरा आहे. बॅटरीसाठी पाहिजे."

"कसली बॅटरी?"

"हातातली. उजेडाची."

त्यानं खडू कानामागं ठेवला. "मग ती घेऊन या. जिन्नस बघितल्याबिगर मी खिसा शिवत नाही. ढिला झाला तर वस्तू मांडीवर आपटत बसते, घट्ट झाला तर निघत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तीन बॅटऱ्या घेऊन गेले. त्यानं तिन्ही मशीनच्या फळीवर ओळीनं मांडल्या, एक उचलून तळहातावर तोलली आणि माझ्याकडं बघितलं. "ह्यातली कुठली?" मी म्हटलं, तेच कळत नाहीये.

आपल्या भाषेत या वस्तूची गंमतच आहे. पुस्तकात ती विजेरी, दुकानाच्या पाटीवर टॉर्च आणि घरात बॅटरी. "बॅटरी मार तिकडं", "बॅटरी कुठं ठेवलीस?" आत घालायचा तो सेल, आणि उजेड पिवळा पडला की "मसाला संपला". शाळेत शास्त्राच्या बाई सांगायच्या, बॅटरी म्हणजे एकाला एक जोडलेले अनेक सेल, दिव्याला बॅटरी म्हणणं चूक. दोन वर्षं या वस्तूच्या मागं फिरल्यावर मला वाटतं की चूक बाईंची होती. दुकानदार काच दाखवतो, उजेड मोजायचे ल्युमेन सांगतो, पाण्यात बुडवून दाखवतो. पण मुठीत भरते ती सेलाची जाडी आणि ड्रेस एका बाजूला ओढतं ते सेलाचं वजन. वरची नळी म्हणजे सेलाच्या अंगात घातलेला सदरा. सदरा आवडला म्हणून माणूस घरी आणायचा नसतो.

मी आधी तेच केलं.

त्याचं मूळ अप्पांच्या बॅटरीत असणार. अप्पा गिरणीत जॉबर होते, साचे म्हणजे माग नीट चालतात का ते बघणारे. बिघडलेल्या साच्याखाली वाकून बघायचं, तुटलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा शोधायचा, यासाठी त्यांच्याकडं तीन सेलची बॅटरी होती. पितळी रंगाची, अंगावर रेघारेघांची नक्षी, डोकं फिरवलं की फोकस लांब जायचा. आत घालायचे ते मोठे सेल. एकेक ३४ मिलिमीटर जाड आणि साधारण ६१ मिलिमीटर उंच. हा मोठा सेल १८९८ साली अमेरिकेत निघाला आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १८९९ मध्ये, तो आत घालायच्या नळकांड्याच्या दिव्याचं पेटंट डेव्हिड मिसेल नावाच्या माणसाला मिळालं. तेव्हाच्या सेलांना सलग जळायचा दम नव्हता. दाबलं की क्षणभर लखकन उजेड, मग विश्रांती. म्हणून इंग्रजीत त्याचं नाव फ्लॅशलाइट पडलं. अप्पांची बॅटरी त्याच घराण्यातली, ऐंशी वर्षांनी धाकटी.

ती खिशात कधीच गेली नाही. तिला दाराशेजारी खिळा होता. दुसरी पाळी सुटून अप्पा रात्री बाराच्या पुढं घरी यायचे, तेव्हा गल्लीच्या टोकाला आधी उजेडाचा गोळा दिसायचा, मग अप्पा. उजेड मंद झाला की सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे. सोलापूरचं ऊन फुकट आणि भरपूर. ऊब मिळाली की आतली क्रिया थोडी जोर धरते, आणखी दोन-तीन रात्री निघतात, एवढं त्यात खरं आहे. नवा मसाला काही उन्हातून येत नाही, पण अप्पांना ते सांगायची आमची छाती नव्हती.

दुसरी त्यांची विद्या म्हणजे चांदीचा कागद. मागची स्प्रिंग बसली की सेल आत खुळखुळायचे. मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून झाकणाच्या बाजूला ठेवायची. "कागद नेहमी शेपटीकडं," अप्पा बजावायचे, "तोंडाकडं ठेवलास तर शॉट होतंय." मला तेव्हा कारण कळलं नव्हतं. नळी स्वतःच विजेची परतीची वाट असते. सेलाची सपाट बाजू आणि नळी एकाच पक्षातल्या, तिकडं चांदी नळीला टेकली तरी बिघडत नाही. टोकाच्या बाजूला ती नळीला चिकटली तर दोन पक्ष थेट भिडतात.

त्या बॅटरीचा शेवट बहुतेक घरांत होतो तसाच झाला. अप्पा गेल्यावर वर्षभर ती खिळ्यालाच होती. उघडायला गेले तर झाकण फिरेना. आत पांढरट हिरवी बुरशी धरल्यासारखं झालं होतं आणि तिन्ही सेल नळीला जखडून बसले होते. त्या जुन्या सेलांत जस्ताचा डबा हेच भांडं आणि हेच सरपण. जसजसा सेल चालतो तसतसा डबा आतून खाल्ला जातो, पातळ होतो, आणि एक दिवस भोक पडून आतला ओलावा बाहेर येतो. रिकामा सेल आत ठेवू नये याचं कारण हे एवढंच. पण रिकामा सेल बदलायची आठवण नेमकी दिवे गेल्यावरच येते.

तर माझी पहिली खरेदी. आमच्या सुताच्या गोदामात मी हिशेब बघते. गोदामात वरच्या बाजूला दोन ट्यूब, खाली पोत्यांच्या गल्ल्या. कोनावरच्या, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या गुंडीवरच्या, चिठ्ठीवरचा लॉट नंबर वाचायचा तर मोबाईल दातांत धरावा लागायचा. एकदा तो दातांतून सुटला आणि काच गेली. त्या दुरुस्तीच्या पैशात तीन बॅटऱ्या आल्या असत्या. मग मी ल्युमेनचा सगळ्यात मोठा आकडा बघून एक मागवली. आत सेल होता '१८६५०'. पोरं त्याला 'अठरा सहाशेपन्नास' म्हणतात.

या आकड्याची मला उगीच भीती वाटली होती. वास्तविक तो फार सरळ आहे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल नळीचा. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. १४५०० म्हणजे १४ जाड, ५० लांब. आधार कार्डासारखं नाव-पत्ता सगळं त्यातच. उलट आपले रोजचे सेल घ्या. पेन्सिल सेलावर 'एए', रिमोटच्या बारक्या सेलावर 'एएए'. एक ए वाढला की सेल मोठा होईल असं कुणालाही वाटेल, होतो बारीक. सुतातल्या माणसाला मात्र याचं नवल वाटायचं कारण नाही. आमच्याकडं काउंट तसाच चालतो. एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी निघतात तो काउंट. वीस काउंटचं सूत एका पौंडात १६,८०० वार, चाळीस काउंटचं त्याच्या दुप्पट, म्हणजे आकडा चढला की धागा उतरला. गोदामात नवीन आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात इथंच चुकतो. त्याला मी आता रिमोटचा सेल दाखवते.

ती मोठी बॅटरी उजेडाला जबरदस्त होती. गोदामाच्या दुसऱ्या भिंतीवरची पाल स्पष्ट दिसायची. पण पूर्ण जोरात लावली की दोन-तीन मिनिटांत नळी तापायची आणि उजेड आपोआप निम्म्याखाली यायचा. खोक्यावरचा आकडा हा पहिल्या अर्ध्या मिनिटाचा असतो हे मला मग कळलं. दिवा लावल्यावर तिसाव्या सेकंदाला उजेड मोजायचा आणि तो दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ 'इतके तास चालते' म्हणून छापायचा, असा अमेरिकेतला दंडक आहे आणि जगभरच्या बऱ्याच कंपन्या तोच पाळतात. दहा टक्के! पगार दहावा हिस्सा उरेपर्यंत 'महिना निघतो' म्हणण्यातला प्रकार. शिवाय डोळ्याचा हिशेब वेगळाच. ल्युमेन दुप्पट झाले म्हणून दुप्पट दिसत नाही, किंचित जास्त दिसतं. हजार आणि पाचशेतला फरक मला सांगता यायचा नाही. पाच आणि पन्नासमधला कुणीही सांगेल.

आणि वजन. सेलासकट सव्वाशे ग्रॅमच्या वर. जुन्या ड्रेसला मी स्वतः हातानं एक खिसा टाचला होता. तो मांडीवर असा आपटायचा की जिना चढताना मला घंटा बांधलेल्या म्हशीसारखं वाटायचं.

त्यातच मी एक जादा सेल रस्त्यावरच्या गाड्यावरून घेतला. स्वस्त, चकचकीत, वर छापलेलं '९९०० एमएएच'. एमएएच म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचं माप. चांगल्या कंपनीच्या १८६५० मध्ये साधारण २५०० ते ३५०० एमएएच मावतात. ९९०० त्या आकाराच्या डब्यात बसूच शकत नाहीत, हे मला तेव्हा कुठं माहीत. सेल वीस मिनिटांत झोपला. संशय आला म्हणून सुताच्या काट्यावर ठेवला. बॅटरीबरोबर आलेला सेल भरला ४७ ग्रॅम, हा ३१. बाकीचे सोळा ग्रॅम छापलेल्या आकड्यात गेले असावेत. तेव्हापासून मी सेल वजनावर घेते. भाजीवाल्यासमोर लाज वाटत नाही तर इथं कशाला वाटायची?

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. रिमोटचा एक सेल लागणारी, पेनापेक्षा थोडी जाड, किल्ल्यांना अडकवायची. वजन असून नसल्यासारखं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला वरच्या बर्थवरून उतरताना चपला शोधायला, कुलपाचं भोक बघायला, हिला तोड नाही. समोरच्या बर्थवरचं बाळ उठत नाही एवढाच उजेड. पण गोदामात महिनाअखेरीला साठा मोजायला बसले की तासाभरात ती मान टाकायची. दर आठवड्याला सेल. आमच्या घरात रिमोटमधले सेल गायब व्हायला लागले आणि संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी माझ्याकडं संशयानं बघितलं जायला लागलं.

इथं मी कागद घेऊन बसले. हिशेबनीस आहे, दुसरं काय करणार. सेलातली ताकद मोजायची तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजे वॅट-तास. हजार एमएएच म्हणजे एक अँपिअर-तास. पुन्हा चार्ज होणारा रिमोटचा सेल १.२ व्होल्टचा आणि ८०० एमएएचचा, गुणाकार सुमारे एक. पेन्सिल सेल १.२ व्होल्ट, २००० एमएएच, म्हणजे २.४. लिथियमचा १८६५० हा ३.६ व्होल्ट, ३००० एमएएच, म्हणजे १०.८. आणि २१७०० हा ३.६ व्होल्ट, ५०००, म्हणजे १८. रिमोटच्या आणि पेन्सिल सेलात जाडीचा फरक चार मिलिमीटर आणि लांबीचा सहा. एवढ्याशा फरकानं पोट अडीच पट. याचंही उत्तर कोनात आहे. सुताच्या कोनावर धागा गुंडाळताना शेवटच्या थोड्याशा जाडीतच सगळ्यात जास्त सूत बसतं, कारण बाहेरचा घेर मोठा. सेलाचंही तसंच. आणि १८६५० आकारमानानं पेन्सिल सेलाच्या जेमतेम दुप्पट, पण ताकद साडेचार पट. तिथं आकाराबरोबर रसायनही बदललेलं असतं.

लिथियम-आयनचे सेल १९९१ साली सोनीनं बाजारात आणले आणि ज्यांच्या कामावर ते उभे राहिले त्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. दिव्याचं नोबेल त्याआधी, २०१४ मध्ये, निळ्या एलईडीला. या दोघांचं आपसांत जमतंही छान, कारण पांढऱ्या एलईडीला पेटायला तीनेक व्होल्ट लागतात आणि लिथियमचा एकच सेल ते सहज देतो. दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलाला ते झेपत नाही. त्याच्या बॅटरीत व्होल्टेज चढवणारी एक छोटी सर्किट बसवावी लागते. विहिरीवरच्या रहाटासारखी. पाणी वर येतं, पण ओढण्यात थोडं सांडतं.

मधल्या काही जाती मी बघून सोडून दिल्या. बटणासारख्या चपट्या सेलाच्या चाव्यांच्या बॅटऱ्या खेळणं म्हणून ठीक, पण घरात लहान मूल असेल तर तेही नको, ते सेल गिळले की घशात भाजतं आणि धाव दवाखान्यात. कॅमेऱ्यातला जाड बुटका सेल, तीन व्होल्टचा, दहा वर्षं पडून राहिला तरी टिकतो म्हणतात. फार गुणी, पण मला तो सोलापुरात शोधायला चार दुकानं हिंडावी लागली. आणि ज्यांच्यात सेल कायमचा बंद केलेला असतो, केबल लावून चार्ज करायच्या, त्यांच्याबद्दल माझा राग जरा वैयक्तिक आहे. अशी एक मला वाढदिवसाला मिळाली होती. दिसायला दागिना. अडीच वर्षांत सेल फुगला, झाकण उसवलं आणि दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे उघडत नसतंय." दिवा चांगला, बटण चांगलं, काच चांगली, आणि पोटातल्या एका पाकिटासाठी सगळं टाकायचं. अप्पांची बॅटरी चाळीस वर्षं चालली होती. तिलाही शेवटी सेलानंच मारलं म्हणा, पण चाळीस वर्षांनी.

मोहोळ तालुक्यात माझ्या दादाचं शेत आहे. त्याच्याकडं २१७०० ची आहे, गळ्यात दोरीनं बांधलेली, बघताना छोटा मुसळ वाटतो. मी तिची टर उडवली तेव्हा तो म्हणाला, "तू सुताच्या चिठ्ठ्या वाचतीस. मला रात्री दोनला लाईट येती तेव्हा मोटर चालू करायला उसातनं जायला लागतंय. पाचटात घोणस पडलेली असती, पाचटाच्याच रंगाची. मला खिसा नको, मला बांध दिसला पाहिजे." शेतीला थ्री फेज वीज पाळीपाळीनं दिवसा आणि रात्री मिळते, त्यामुळं आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं अर्धं पाणी अंधारात दिलेलं असतं. दादाला तास-दोन तास सलग लांबचा उजेड लागतो आणि घरी गेल्यावर चार्जर असतो. त्याच्या कामाला त्याचा सेल बरोबर. त्यानं जादा सेल डबीत ठेवलेला असतो, हे मला विशेष आवडलं. हे लिथियमचे सेल मोकळे खिशात टाकायचे नसतात. चिल्लर किंवा किल्ली दोन्ही टोकांना टेकली की खिशातच होळी.

मला काय लागतं, हे मी त्या रात्री दादाच्या ओट्यावर बसून पहिल्यांदा नीट ठरवलं. चिठ्ठी वाचायला दहा ल्युमेन. जिना, गल्ली, चालायला तीस ते पन्नास. कुत्री अंगावर आली तर क्षणभर शंभर-दोनशे. सलग पाहिजे तर तीन-चार तास. आणि मसाला संपला तर रात्री दहाला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळेल असा सेल. ही शेवटची अट लिहिली आणि बाकीचा कागद आपोआप सुटला. पेन्सिल सेल, एकच.

बॅटरी घेतली ती हातातल्या खडूच्या डबीएवढी. लांबी नऊ सेंटिमीटर, सेलासकट साठ ग्रॅमच्या आत. शंभर ल्युमेनवर दोनेक तास, तीसवर रात्र निघते. रंग ओळखायला बरा असा थोडा पिवळसर एलईडी मुद्दाम बघून घेतला, कारण पहिल्या बॅटरीच्या निळसर पांढऱ्या उजेडात मला डाळिंबी कोन आणि चॉकलेटी कोन सारखेच दिसले होते आणि चुकीचा लॉट लूमवर गेला होता. त्या चादरीचा काठ अजून माझ्या कपाटात आहे.

सेल मात्र साधे घातले नाहीत. अल्कलाइन सेल ताकदवान, पण तो गळला की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंग खाऊन टाकतं, आणि ते कधी गळेल ते सांगता येत नाही. रोजच्या वापराला मी निकेलवाले चार्जिंगचे चार सेल घेतले. हे पूर्वी बदनाम होते, चार्ज करून ठेवले की महिन्याभरात आपोआप उतरायचे. २००५ मध्ये सान्योनं एनेलूप आणले, ते वर्षभर पडून राहिले तरी बराचसा मसाला राखतात. तसे इतरांचेही आता मिळतात. याच नळीत १४५०० हा लिथियमचा सेलही चालतो, आकार पेन्सिल सेलाचाच, उजेड दुप्पट-तिप्पट. ज्या बॅटरीवर दोन्ही चालतील असं लिहिलंय तिच्यातच तो घालायचा. घरात तो ठेवायचा नाही असं मी ठरवलं. दिसायला पेन्सिल सेल, पण दाब जवळपास तिप्पट. कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळात घालेल आणि घड्याळ संपेल.

शिंप्याकडं ही बॅटरी नेली तेव्हा त्यानं ती तळहातावर एकदाच तोलली. "हं. ही." मग उजव्या शिलाईत, हात सहज जाईल तिथं, पाच इंच खोल खिसा लावला. तळाला दुहेरी कापड. वर एक टीप आडवी मारली, म्हणजे बॅटरी उभीच राहील, आडवी होणार नाही. पैसे विचारले तर म्हणाला, "खिशाचे काय घ्यायचे अक्का, नंतर बघू." नंतर त्यानं बघितले, ते सोडा.

तो ड्रेस मी पहिल्यांदा घातला कोजागरीला. रूपाभवानीचं दर्शन घेऊन संध्याकाळी तुळजापूरची वाट धरायची, साधारण ४५ किलोमीटर. हजारो माणसं रात्रभर त्या रस्त्यानं चालतात. वहिनी दरवर्षी अनवाणी चालते, मी बूट घालते आणि तिच्या पुढं राहून खडे बघते. पौर्णिमेला बॅटरी कशाला, असं सगळे म्हणतात. त्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला होता, ढग असे की चंद्र आहे हे फक्त पंचांगावरून कळावं. शिवाय बायकांना रस्ता सोडून झुडपाआड जावं लागतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. तिथं काटा आणि जनावर दोन्ही बघूनच बसावं लागतं. आमच्या मागच्या सात-आठ बायका माझ्या बॅटरीची पाळी लावून होत्या. "वन्सं, जरा द्या की," म्हणत ती हातोहात फिरत होती आणि परत येईपर्यंत लखलखीत जोरात चालू असायची. शंभर ल्युमेन काय, दोनशेवर.

तामलवाडीच्या अलीकडं ती डोळे मिचकावायला लागली. जादा सेल मी घेतला होता. तो घरी चार्जरमध्येच होता.

चहाच्या टपरीवर विचारलं, "पेन्सिल सेल आहे का, मामा?"

"संपले की. सगळे तुमच्यासारखेच आलेत. हा बारका हाय, रिमोटचा."

माझी सगळी अट, ओट्यावरचा सगळा कागद, त्या टपरीवर एका वाक्यात निकालात निघाला. मी पैसे देऊन बारका सेल घेतला. बॅटरीत टाकला तर डबड्यातल्या खड्यासारखा वाजला. चार मिलिमीटर बारीक, सहा मिलिमीटर आखूड. दाब मात्र तोच, दीड व्होल्ट.

चुरमुऱ्याचा कागद वहिनीच्या हातात होता. तो मी सेलाभोवती घट्ट गुंडाळला, जाडी झाली. लांबी राहिली. "चॉकलेट आहे का गं कुणाकडं?" मागच्या एका पोरीनं दिलं. चॉकलेट वहिनीच्या तोंडात, चांदी माझ्या हातात. घडीवर घडी घालून त्याची टिकली केली, सेल टोक पुढं करून आत सोडला, टिकली शेपटीकडं ठेवली आणि झाकण फिरवलं. पहिल्यांदा नाही लागली. एक घडी वाढवली. लागली.

"वन्सं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" वहिनीनं विचारलं.

"कमी उजेडावर ठेव आता," मी म्हटलं, "आणि मागं देऊ नकोस."

पहाटे आम्ही पोचलो तोवर ती मिणमिणत होती, पण होती. वहिनीच्या पायात त्या वर्षी एकच काटा गेला, तोही सकाळी, उजेडात.

आठवड्यानं वहिनी आपला ड्रेस घेऊन त्याच शिंप्याकडं गेली. त्यानं विचारलं, खिसा केवढा शिवू, आणि जिन्नस आणायला सांगितलं. तिच्याकडं बॅटरी कुठली. मी माझीच मापाला पाठवून दिली. परत आली तेव्हा झाकण उघडून बघितलं, तर चुरमुऱ्याचा कागद आणि चांदीची टिकली अजून आतच होती. सेल तेवढा तिनं काढून रिमोटमध्ये घातला होता.